सिकलसेलचे रक्त तुमच्या प्रयोगशाळेत कधी पोहोचणार?

प्रति,
सोनोग्राफीसाठी शरीराला मानवणारी कॉन्ट्रास्ट द्रव्ये तयार करणारे देशातले संशोधक. या कामाला निधी देणारे जैवतंत्रज्ञान विभाग व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) अधिकारी. आणि अशा औषधांना परवानगी देणारी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना

सप्रेम नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करणारा डॉक्टर आहे. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायला वेळ नाही त्यांचीही सोय होईल. तुमचा नवा बुडबुडा, म्हणजे सोनोग्राफीत रक्त उठून दिसावे म्हणून शिरेत टोचायचे वायूभरले कॉन्ट्रास्ट द्रव्य, उंदरांत आणि निरोगी स्वयंसेवकांत सुखरूप ठरला की पुढची पायरी म्हणून तो सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, रक्तात तपासा. तो बाजारात येईपर्यंत थांबू नका. आणि ही तपासणी विदर्भात करा, विदर्भाच्या रुग्णांना बरोबर घेऊन करा.

पत्र खुले आहे, म्हणून या विषयाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे मागचे सांगतो. सोनोग्राफीत आवाजाच्या लाटा आत जातात आणि परत येतात. रक्त त्यांना फारसे परतवत नाही, त्यामुळे पडद्यावर ते काळेच दिसते. वायूचा बुडबुडा मात्र लाटेबरोबर आकसतो, फुगतो आणि जोरात प्रतिध्वनी देतो. एक ते दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बुडबुडे नेमके त्याच कंपनसंख्येला थरथरतात जी आम्ही पोट आणि हृदय पाहायला वापरतो. हा निसर्गाचा योगायोग आहे, कोणी आखून केलेला नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये रेमंड ग्रॅमिअक आणि प्रवीण शाह यांनी महाधमनीच्या मुळाशी नळीतून रंगद्रव्य सोडताना पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उठलेला नोंदवला. तो ढग रंगाचा नव्हताच, टोचताना तयार झालेल्या बारीक बुडबुड्यांचा होता. हृदयात छिद्र आहे का हे पाहायला आजही सलाईन दोन सिरिंजमध्ये घुसळून शिरेत देतात, ते याच तत्त्वावर.

साधी हवा रक्तात काही सेकंदांत विरघळून जाते. म्हणून पुढे रक्तात सहज न विरघळणारे जड वायू आले: सल्फर हेक्झाफ्लोराइड, ऑक्टाफ्लुरोप्रोपेन, परफ्लुरोब्युटेन. त्यांना कवच आले, कुठे मानवी अल्ब्युमिनचे, कुठे फॉस्फोलिपिडचे. सल्फर हेक्झाफ्लोराइडचा बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहून लहान. यकृताच्या एका तपासणीला जे इंजेक्शन देतात त्यात सगळा मिळून वायू एका थेंबापेक्षाही कमी, वीस मायक्रोलिटरच्या आसपास. दोन मिनिटांत त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त वायू श्वासावाटे बाहेर पडतो, पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा.

मूत्रपिंडाचा या सगळ्यात कुठेच संबंध येत नाही, आणि आमच्यासाठी मोठी गोष्ट हीच आहे. पश्चिमेकडे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराचे नाव घराघरात आहे. रक्तात क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड थकलेल्या माणसाला सीटीचे आयोडीनवाले इंजेक्शन द्यायचे म्हटले की रेडिओलॉजिस्ट दोनदा विचार करतो. एमआरआयच्या गॅडोलिनियमच्या काही जुन्या संयुगांनी निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णांत कातडी आणि अवयव घट्ट करणारा आजार घडवल्याचेही सर्वांना माहीत आहे. यकृतात गाठ दिसली आणि ती साधी रक्तवाहिन्यांची गाठ की कर्करोग हे ठरवायचे असेल, तर अशा माणसासाठी बुडबुडे टोचून केलेली सोनोग्राफी हा सोपा मार्ग आहे. गाठ कडेकडेने भरत जाते की आधी चमकून मग फिकी पडते, हे डोळ्यांसमोर दिसते. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. तिथल्या माणसाला सीटीसाठी नागपूर गाठायला किती मजुरी बुडते, याचा हिशेब कुठल्याच प्रस्तावात नसतो.

हे द्रव्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवे, असे मी म्हणत नाही. माझ्याकडच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे साध्या सोनोग्राफीत आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरमध्ये मिळतात. पण ज्यांना ते खरोखर लागेल, त्यांत सिकलसेलवाले पुढच्या रांगेत आहेत. आणि नेमके त्यांच्याच बाबतीत तुमची आजची माहिती सगळ्यात तोकडी आहे.

नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद लॅन्सेटमध्ये छापली ती १९५८ साली. म्हणजे हा आजार आम्हाला नवा नाही आणि दिल्लीलाही नवा नसावा. गोंड, माडिया, परधान समाजांत तो आहे, तसाच बौद्ध, तेली, कुणबी घरांतही आहे. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे आजारी, हे ठाऊक असते. लग्न ठरवताना कुंडलीबरोबर सिकलसेलचे कार्ड मागणारी घरेही आता दिसू लागली आहेत. ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडले, थंडी लागली की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक शिरांत अडकतात. रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यात दिवसभर उभी राहिलेली बाई संध्याकाळी "हाडं फुटून राहिले जी" म्हणत दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या शरीरात हेच चाललेले असते.

आता मूळ मुद्दा. लिपिड कवचाच्या ऑक्टाफ्लुरोप्रोपेन बुडबुड्याला अमेरिकेत २००१ साली मंजुरी मिळाली. सिकलसेलच्या रुग्णांना हे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात पाठीत आणि हातापायांत मध्यम ते तीव्र कळा आल्या, काहींना सिकलसेलचा पूर्ण झटका आला, हा इशारा त्या औषधाच्या माहितीपत्रकात चढला तो अलीकडच्या काही वर्षांत. आधी रुग्णांना दुखले, मग कागदावर ओळ आली. अमेरिकेत सिकलसेलवाले लोकसंख्येच्या मानाने थोडे, म्हणून तिथे एवढा उशीर चालून गेला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात तोच क्रम पुन्हा चालवायचा म्हटले तर दुखणाऱ्यांची संख्या वेगळी असेल.

याचा अर्थ बुडबुडे धोकादायक आहेत असा काढू नका. घाबरून कित्येक रुग्णांना मनाई करणे आणि मग हळूच ती सैल करणे, हा खेळ अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ आणि २००८ मध्ये खेळून पाहिला आहे. इटलीतल्या केंद्रांनी २००६ मध्ये पोटाच्या २३,१८८ तपासण्यांचा आढावा छापला, त्यात गंभीर त्रास झालेले रुग्ण दोन. इतकी सुरक्षित औषधे आमच्या कपाटात फार नाहीत. पण तो आकडा गडचिरोलीतल्या कोरचीच्या एसएस पॅटर्नच्या पोरीला कसा लावायचा, हे मला कोणी सांगावे.

कारण तिच्या शरीरात बुडबुड्याचा प्रवासच वेगळा आहे. तीन ठिकाणी तरी.

पहिले ठिकाण बारीक रक्तवाहिनी. तिथली आतली भिंत सिकलसेलमध्ये कायम चिडलेली असते, पेशी तिला चिकटतात. तुमचे कवच त्या भिंतीला चिकटते का, तिथे आधीच अडकलेल्या पेशींच्या मागे थांबते का? कवचावर मॅक्रोगोलचे, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकोलचे केस लावलेले असतात, ते बुडबुडा टिकावा आणि शरीराने ओळखू नये म्हणून. पण काही माणसांची प्रतिकारशक्ती त्यालाच ओळखते. मॅक्रोगोलची ॲलर्जी असलेल्यांना ही औषधे देऊ नयेत, अशी सूचना २०२१ मध्ये अमेरिकेत आली. असे कण रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षण साखळी चालू करू शकतात, हे लायपोसोमच्या, म्हणजे चरबीच्या बारीक पिशव्यांत भरलेल्या औषधांवरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सिकलसेलमध्ये ती साखळी आधीच अर्धी पेटलेली असते. निरोगी माणसाच्या रक्तात तुमचा बुडबुडा गप्प राहिला म्हणजे इथेही गप्प राहील, हे कशावरून?

दुसरे ठिकाण यकृत आणि प्लीहा, म्हणजे आमच्याकडची पानथरी. रक्तातला कचरा उचलणाऱ्या पेशी इथे बसलेल्या. परफ्लुरोब्युटेनचे बुडबुडे तर यकृतातल्या कुफर पेशी मुद्दाम गिळाव्यात अशा बेतानेच बनवलेले आहेत; जपानमध्ये ते २००७ पासून वापरात आहेत आणि यकृताच्या गाठींसाठी फार उपयोगी ठरले. पण सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणापासून वारंवार रक्तपुरवठा तुटून सुकत जाते, मोठेपणी कित्येकांत ती नावापुरती उरते. काहींत उलट ती फुगलेली सापडते, विदर्भात हे विशेष दिसते. यकृत तुटलेल्या तांबड्या पेशींचा लोखंडी कचरा उपसत बसलेले असते. अशा वेळी तुमचे कवच कोण उचलणार, किती वेळात? तुमच्या प्रबंधातला 'शरीरातून बाहेर पडण्याचा काळ' निरोगी प्लीहेवर मोजलेला आहे.

तिसरे ठिकाण फुप्फुस. वायूची बाहेर पडायची वाट हीच. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या बुडबुड्यांसाठी फुप्फुसातल्या रक्तदाबाची तीव्र वाढ असलेल्यांना मनाई लिहिलेली आहे. सिकलसेलच्या मोठ्या रुग्णांत हा रक्तदाब वाढलेला सापडणे नवलाचे नाही, आणि छातीत अचानक उठणारा सिकलसेलचा झटका तर जीव घेतो.

यावर तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग सोपे आहे, 'सिकलसेलच्या रुग्णांना देऊ नये' अशी ओळ छापून टाकू. ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकेल. एक तर कोण सिकलसेलवाला हे सगळ्यांना माहीत असते असे नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाले, सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य आहे, पण अजून कित्येक वस्त्यांत सोल्युबिलिटीची, म्हणजे सिकलसेल ओळखण्याची पहिली साधी चाचणीही पोहोचलेली नाही. दुसरे, या रुग्णांची मूत्रपिंडे लवकर थकतात, त्यामुळे सीटीचे इंजेक्शन त्यांच्यासाठीच नकोसे. प्लीहेचा कुठला तुकडा मेला, यकृतात गळू झाले की गाठ, मूत्रपिंडात रक्त जाते आहे की नाही, हे विचारायची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. ज्याला औषधाची गरज आहे त्यालाच दाराबाहेर उभे करायचे आणि बाकीच्यांवर ते सुरक्षित ठरले म्हणून सांगायचे, याला मी संशोधन म्हणणार नाही.

आणि कथेला दुसरी बाजूही आहे, ती तुम्हाला आवडेल. जरा जास्त ताकदीची अल्ट्रासाऊंड लाट देऊन स्नायूतल्या वाहिन्यांत बुडबुडे थरथरवले की तिथला रक्तप्रवाह वाढतो, पेशी एटीपी हे ऊर्जेचे रसायन सोडतात आणि वाहिनी रुंदावते. अमेरिकेतल्या एका गटाने हे सिकलसेलच्या स्थिर अवस्थेतल्या रुग्णांच्या हातावर करून पाहिले आणि २०१७ मध्ये छापले, प्रवाह वाढला. ज्याने कळ उठते असा इशारा आहे, त्याच वस्तूने तुंबलेला प्रवाह मोकळा होण्याची शक्यताही आहे. एवढा रसाळ प्रश्न पडलेला असताना आपल्याकडचे प्रस्ताव कर्करोगाच्या पेशीला चिकटणाऱ्या बुडबुड्यांभोवतीच का फिरतात, हे मला कळत नाही. बहुधा कर्करोग लिहिला की निधी लवकर मिळतो.

तपासायचे कसे, यात फार मोठे यंत्र लागत नाही. केसाहून बारीक खाचा कोरलेल्या काचेच्या पट्टीतून ऑक्सिजन कमी केलेले एसएस रक्त बुडबुड्यांसह वाहू द्या, अडथळा किती वेळात होतो ते मोजा, आणि त्याच माणसाच्या रक्तात बुडबुड्यांशिवाय किती वेळात होतो तेही मोजा. कॉम्प्लिमेंटचे तुकडे मोजा. मग सिकलसेलचे उंदीर आहेतच. पण रक्त अमेरिकेतून मागवून काम भागणार नाही. तिथल्या रुग्णांची जनुकीय पार्श्वभूमी मुख्यतः आफ्रिकी, आपल्याकडची अरब-भारतीय, तिच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त उरते आणि पेशींचे वाकणेही त्यामुळे बदलते. शिवाय हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधावर असलेले आणि नसलेले, नुकतेच रक्त चढवलेले आणि न चढवलेले, असे वेगळे गट करा. सगळ्यांची सरासरी काढलीत तर काहीच दिसणार नाही. एएसवाल्यांनाही मोजा. ते निरोगी असतात हे खरे, पण आमच्या काही गावांत ते इतके आहेत की त्यांना 'सामान्य' धरून पुढे जाणे परवडणार नाही. चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचेच केंद्र आहे. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहे, सेवाग्रामला १९६९ पासूनचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. घरचा पत्ता शोधायला लागू नये इतके हे जवळ आहे.

उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट, कारण प्रयोगशाळा वातानुकूलित असतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५-४६ अंशांवर असतो आणि वीज जाते. लिपिड कवचातला एक नेहमीचा घटक, ज्याला तुम्ही डीपीपीसी म्हणता, ४१ अंशांना घट्टपणा सोडून पातळ होतो. ग्रामीण रुग्णालयाचे पत्र्याच्या छपराखालचे औषधभांडार दुपारी त्याच्यावर सहज जाते. त्याचाच भाऊ, लांब साखळीचा म्हणजे अठरा कार्बनचा डीएसपीसी ५५ अंशांपर्यंत टिकतो, तेव्हा निवड करताना आमचा विचार करा. शरीरात गेल्यावर उकळून बुडबुडा होणाऱ्या परफ्लुरोपेंटेनच्या थेंबांवर काम करणाऱ्यांनी तर जास्तच, कारण तो द्रव मुळात २९ अंशांना उकळतो. थेंब लहान असला की उशिरा उकळतो हे मान्य, पण तो आमच्या कपाटात उकळू नये. कोरडी भुकटी, सलाईन घालून हलवली की तयार, आणि एका माणसापुरती कुपी, हे रूप आमच्या कामाचे. २ ते ८ अंशांत ठेवायचे औषध लसीच्या फ्रिजमध्ये लशीच्या शेजारी बसेल, आणि तिथे जागा नसते.

यंत्राचेही तेच. बुडबुड्यांचा प्रतिध्वनी वेगळा काढणारी सोय, म्हणजे कॉन्ट्रास्ट मोड, आमच्या बहुतेक जुन्या यंत्रांत नाही, आणि गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे यंत्र बदलणे म्हणजे नोंदणीची वेगळी वारी. कायदा हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण औषधाच्या प्रकल्पात यंत्राचा खर्च धरलेला असावा.

आता लोणारकडे येतो, कारण हा विषय निघाला की मला तिथले पाणी आठवते. जून २०२० मध्ये बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, फोटो जगभर गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हे खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचे काम. याच मोठ्या कुळातल्या काही जीवांच्या पोटात निसर्गाने प्रथिनांच्या भिंतीचे, वायूने भरलेले पोकळ कोश ठेवलेले आहेत. त्यांच्या आधाराने ते उजेडाकडे तरंगत वर येतात. भिंत दोन नॅनोमीटर जाड. आत वायू भरावा लागत नाही, तो आपसूक आतबाहेर करत राहतो, म्हणून हा कोश रक्तात विरघळून जाण्याचा प्रश्नच वेगळा. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये मिखाइल शापिरो यांच्या गटाने २०१४ मध्ये हे कोश सोनोग्राफीत चमकतात हे दाखवले, आणि पुढे त्यांची जनुके साध्या जीवाणूंत घालून जीवाणूच पडद्यावर दिसतील असे केले. त्यांनी दुसरे कोश घेतले ते अनाबेना या निळ्या-हिरव्या शेवाळातून, ज्याची भावंडे आमच्या धानाच्या बांधीत नत्र धरून ठेवतात. लोणारच्या जीवांत असे कोश आहेत का, असले तर कसे, हा प्रश्न विदर्भातल्या एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला द्यायला किती खर्च येईल? फक्त एवढे लक्षात असू द्या की प्रथिनाची भिंत म्हणजे प्रतिकारशक्तीला दिलेले आमंत्रण. एकदा दिले तर ठीक, दुसऱ्यांदा दिल्यावर काय, हेही सिकलसेलच्या रुग्णात पाहावे लागेल, कारण त्याला तपासणी एकदाच लागत नाही.

माणसांवरच्या चाचणीबद्दल मी कडकच बोलणार. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातेतली एचपीव्ही लसीची चाचणी थांबवावी लागली; आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या होत्या. त्या लसीचा दोष सिद्ध झाला नाही, पण विश्वास गेला तो गेला. आमच्याकडे येताना संमतीपत्र गोंडी आणि माडियात बोलून समजावणारा माणूस आणा, अंगठा घ्यायची घाई करू नका. तेंदूपत्त्याच्या आणि रोवणीच्या हंगामात बोलावू नका. बोलावले तर बुडालेली मजुरी द्या. इंजेक्शननंतर रुग्णाला लगेच एसटीत बसवून परत पाठवू नका, कळ रात्री उठली तर त्याच्या गावी मॉर्फिन नाही. पहिल्या गटात मुले नकोत. आणि कळ आली तर ती 'अपेक्षित आजाराचा भाग' म्हणून फायलीत जिरवू नका. सिकलसेलवाल्याला कळ येतेच, या एका वाक्याखाली औषधाचा दोष कायमचा लपू शकतो. म्हणून चाचणीत प्रत्येक रुग्णाला एका दिवशी नुसते सलाईन द्या, एका दिवशी बुडबुडे, क्रम बदलता ठेवा, आणि कुठल्या दिवशी काय दिले हे कळा मोजणाऱ्याला सांगू नका.

नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ मध्ये परदेशात मंजूर असलेल्या औषधाला ठरावीक परिस्थितीत इथली चाचणी माफ करण्याची तरतूद आहे. परवानगी देणाऱ्यांना माझी विनंती या तरतुदीपुरती आहे: सोनोग्राफीच्या कॉन्ट्रास्ट द्रव्याचा अर्ज आला तर सिकलसेलच्या रुग्णांतली माहिती मागितल्याशिवाय ती माफी देऊ नका. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने पुढच्या प्रस्ताव मागवण्याच्या सूचनेत एक अट घालावी, की रक्ताशी सुसंगतीचा अहवाल एसएस आणि एएस रक्तासह हवा. एवढ्याने सुरुवात होईल.

माझ्या बाजूने जे देता येईल ते देतो. रुग्णांशी बोलणे, त्यांना घेऊन चंद्रपूर किंवा नागपूरला येणे, आधीची आणि नंतरची सोनोग्राफी करून ठेवणे, आशाताईंना कळेची नोंद कशी घ्यायची ते शिकवणे. तुमचा आराखडा तयार झाला की नैतिकता समितीच्या मंजुरीच्या कागदासह जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत पाठवा. त्यातला 'कोणाला वगळले' हा रकाना मी आधी वाचेन.

आपला,
पूर्व विदर्भातील एक सोनोग्राफी करणारा डॉक्टर